मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांची खात्रीची माहिती इंटरनेटवर कशी शोधावी

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अथवा डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या होऊन गुंगी वाढत जाणे, अशा वेळी मोबाइलवर काहीही शोधत बसू नये. 108 वर फोन करावा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णाला न्यावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि पक्षाघात गुठळीमुळे झाला की रक्तस्रावामुळे, हे स्कॅनशिवाय कळत नाही. ‘लगेच ॲस्पिरिन द्या’, ‘बोटांना सुई टोचून रक्त काढा’ असे संदेश नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांत वर्षानुवर्षे फिरत आहेत; पहिल्याने रक्तस्राव असल्यास तो वाढू शकतो आणि दुसऱ्याने मोलाची मिनिटे वाया जातात.

माहिती शोधण्याची वेळ येते ती रुग्ण घरी आल्यावर. इंदूरच्या मराठी घरांत बोलणे मराठीत, बाहेरचा व्यवहार हिंदीत आणि रुग्णालयाचे कागद इंग्रजीत असतात. त्यामुळे ‘झटका आला होता’ एवढेच सर्वांच्या लक्षात राहते, आणि तो अपस्माराचा (फेफऱ्याचा) होता की पक्षाघाताचा, हे घरातल्या निम्म्या माणसांना ठाऊक नसते. म्हणून एम.वाय. रुग्णालयाची ओपीडी असो की खासगी दवाखाना, निदान ठळक अक्षरांत लिहून मागावे आणि त्याच नावाने शोध घ्यावा. लक्षणावरून शोध घेतल्यास मनस्तापच अधिक होतो, कारण हातापायांना मुंग्या येण्यामागे बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, मानेत दबलेली नस अशी अनेक कारणे असू शकतात, आणि घाबरलेल्या माणसाची नजर नेमकी त्यांतल्या सर्वांत भीतिदायक नावावर जाऊन थांबते.

सुरुवात सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांपासून करावी: बंगळुरूची मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था निम्हान्स, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, अमेरिकेतील मज्जासंस्थेच्या विकारांची राष्ट्रीय संस्था आणि तिथल्याच राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे मेडलाइनप्लस. पान कोणी लिहिले, कोणी तपासले आणि शेवटचे केव्हा तपासले, हे तळाशी पाहावे; तारीख नसलेल्या पानावर औषधांच्या बाबतीत विसंबू नये. नुसत्या शिक्क्यांवरही जाऊ नये. आरोग्यविषयक संकेतस्थळांना प्रमाणचिन्ह देणारी ‘हेल्थ ऑन द नेट’ ही संस्था 2022 मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या पानांवर तिचे चिन्ह दिसले तरी आज त्यामागे तपासणारे कोणी नाही. इंग्रजी पान यंत्राकडून मराठीत किंवा हिंदीत करून घेतल्यास मात्रेचे आकडे आणि नकारार्थी वाक्ये मूळ पानाशी ताडून पाहावीत, कारण एखादा ‘नाही’ गळला तरी सल्ला उलटा होतो.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती बरे करण्याच्या आश्वासनांबाबत. मज्जारज्जूची दुखापत, पार्किन्सन, मुलांमधील सेरेब्रल पाल्सी यांत सुधारणा सावकाश आणि बहुधा अपुरी होते. थकलेल्या कुटुंबाला ‘शंभर टक्के गुण’ हे शब्द वाचून मोह पडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि असे उपचार विकणाऱ्यांना ते ठाऊक असते. आपल्या देशात 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार अपस्मार, पक्षाघात आणि मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. म्हणजे अशी जाहिरात दिसणे हीच त्या उपचारापासून दूर राहण्याची पुरेशी खूण होय. मूलपेशींच्या (स्टेम सेलच्या) उपचारांबाबत 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही विकारांतील प्रत्यारोपण वगळता हे उपचार केवळ नियंत्रित संशोधनातच करता येतात. कोणी ‘आमचे संशोधन चालू आहे’ असे सांगितल्यास माणसांवरील उपचार-चाचण्यांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय चिकित्सा परीक्षण नोंदवहीच्या, म्हणजे सी.टी.आर.आय.च्या संकेतस्थळावर त्याची नोंद शोधावी. मात्र नोंद म्हणजे उपचार गुणकारी असल्याचा पुरावा नव्हे, आणि लाखो रुपये मागितले जात असतील तर तिथून उठून यावे.

शोधनिबंधाचा हवाला असल्यास प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, आणि किती माणसांवर, एवढे तरी पाहावे. एकाच निबंधापेक्षा अनेक अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेनच्या सोप्या भाषेतील सारांशांना मी अधिक मान देईन.

रुग्णांच्या व काळजीवाहकांच्या गटांचे महत्त्व वेगळे आहे. अंथरुणावर असलेल्या वडिलांची कूस कशी बदलावी, गिळताना ठसका लागू नये म्हणून त्यांना कसे बसवावे, हे ज्यांनी महिनोन्‌महिने केले आहे ते फार नेमके सांगतात. तरीही गिळण्याच्या त्रासात तंत्र आधी स्पीच थेरपिस्टकडून दाखवून घ्यावे. गोळ्यांची मात्रा मात्र तिथे कधीच विचारू नये. अपस्माराचे औषध कोणाच्या अनुभवावर विसंबून एकाएकी बंद केल्यास झटके थांबेनासे होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. असे काही वाचनात आले, तर त्या पानाची प्रत काढून पुढच्या तपासणीच्या वेळी चालू औषधांच्या यादीसह डॉक्टरांसमोर ठेवावी आणि ‘हे आमच्या रुग्णाला लागू आहे का’ असे थेट विचारावे.