कोल्हापुरात उद्योगासाठी ओळखी आणि भागीदारी कशी उभारावी

नवा उद्योग सुरू करणाऱ्याने भांडवलाच्या आधी माणसे शोधावीत. कोल्हापुरात हे तुलनेने सोपे आहे, कारण ओतकामाचा पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवणारा, फाउंड्री (धातू वितळवून ओतणारा कारखाना) आणि मशिनिंग करून देणारे वर्कशॉप असे सगळेच दुवे शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या परिसरांत सापडतात. उद्योजकांच्या संघटनेचे सदस्यत्व घ्यावे, मात्र पहिल्याच भेटीत ऑर्डर मागू नये. आपल्या सुट्या भागाचे ड्रॉइंग सोबत न्यावे, कोणत्या जाडीला ओतकामात ब्लोहोल (वायू अडकून धातूत राहणारी पोकळी) पडण्याचा धोका आहे हे विचारावे आणि मिळालेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले ते आवर्जून कळवावे. विश्वास त्यातूनच बसतो.

गुंतवणूकदारानेही ताळेबंदावर न थांबता उद्योजकाला कच्चा माल पुरवणाऱ्या दोघा-तिघांशी बोलावे, कारण देणी थकू लागल्याचे त्यांना सर्वांत आधी समजते.

भागीदारी केवळ मैत्रीच्या भरवशावर करू नये, असे माझे ठाम मत आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसेल, तर भांडवल कोणी कितीही घातले असले तरी नफा-तोटा सर्वांत समान वाटला जातो. म्हणून कामाची वाटणी, बँकेतील सहीचा अधिकार आणि बाहेर पडणाऱ्या भागीदाराचा हिशेब करारपत्रात स्पष्ट लिहावा. फर्मची नोंदणीही करावी, अन्यथा करारातील येणे वसूल करण्यासाठी फर्मला सहसा दावा लावता येत नाही. वैयक्तिक मालमत्तेला व्यवसायाच्या कर्जाची झळ लागू नये असे वाटत असल्यास २००८ च्या कायद्याखालील एलएलपीचा, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीचा, विचार करावा, परंतु बँकेला वैयक्तिक हमी दिल्यास ते संरक्षण त्या कर्जापुरते उरत नाही.