थंडीच्या लाटेत या चुका टाळा: पहाटेचा घात संध्याकाळीच थांबवता येतो

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा पाच अंशांखाली उतरला की निफाडचे नाव राज्यभरच्या वर्तमानपत्रांत येते, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गोठलेल्या दवाची छायाचित्रे फिरू लागतात आणि सातपुड्यातील डाब परिसरातून गवतावर हिमकण दिसल्याचे निरोप येतात. आपल्याकडे अशी थंडी फार दिवस मुक्काम करीत नाही आणि नेमक्या याच कारणाने तिची तयारीही कोणी करीत नाही. उत्तरेचे कोरडे वारे येतात, आभाळ निरभ्र होते, वारा पडतो आणि दिवसभर तापलेली जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते. त्यामुळे पारा सर्वांत खाली जातो तो मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे घरदार गाढ झोपेत असताना. त्या वेळी जाग आली तरी हाती फारसे काही उरलेले नसते. म्हणून पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका पहाटे घडल्यासारख्या वाटल्या, तरी त्या आदल्या संध्याकाळी झालेल्या असतात, हे आधी ध्यानात घ्यावे.

मोबाइलवरच्या आकड्यावर विसंबणे

मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली गेले, तर हवामान विभाग त्यास थंडीची लाट म्हणतो. ही घट ६.४ अंशांहून अधिक असेल तर ती तीव्र लाट ठरते. किनाऱ्यालगत मात्र १५ अंशांपासूनच हा विचार सुरू होतो. हा आकडा मोजला जातो तो जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवरच्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाने. निरभ्र आणि निवांत रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी थंड असते, आणि जड झालेली ही थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन नदीकाठी व खोलगट रानात साचते. गावाचे तापमान ४ अंश सांगितलेले असताना गवताच्या पातीवरचे दव गोठलेले दिसते, ते यामुळेच. ज्याचे रान खोलगटात आहे, किंवा ज्याचे बिऱ्हाड ओढ्याकाठी उतरले आहे, त्याने जाहीर झालेल्या आकड्यातून दोन-तीन अंश मनानेच वजा करून तयारी करावी.

बंद खोलीत निखारे ठेवून झोपणे

थंडीला जितके भ्यावे, त्याहून अधिक या एका चुकीला भ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी आजी संध्याकाळी घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव करीत असे आणि अंथरुणे घालण्यापूर्वी ते घमेले स्वतः उचलून अंगणात नेऊन ठेवीत असे. निखारे अजून फुललेले आहेत, राहू दे ना, असा हट्ट आम्ही कितीही धरला तरी तिने तो कधी मानला नाही. पुष्कळांची समजूत नेमकी उलटी असते: धूर संपला, आता फक्त लाल निखारे उरले, म्हणजे धोका संपला. वास्तविक कोळसा धुमसत असताना, आणि त्यातही खोलीतील प्राणवायू कमी होत जाताना, कार्बन मोनॉक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणावर तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही. तो अधिक गाढ झोपत जातो.

खोलीतील एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, तर ते पित्त किंवा सर्दी समजून गोळी घेणे ही दुसरी चूक होय. दारे-खिडक्या उघडून सर्वांना तत्काळ मोकळ्यावर आणावे आणि रुग्णालय गाठावे, कारण यावर उपाय आहे तो मास्कमधून दिलेला प्राणवायू. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर या विषबाधेत ९८ किंवा ९९ असा चांगला आकडा दाखवू शकते, कारण प्राणवायूने भरलेले रक्त आणि या वायूने भरलेले रक्त यांतला फरक त्याला कळत नाही. त्या आकड्यावर भरवसा ठेवून माणसाला पुन्हा झोपवू नये.

घराची घडण बदलली की जुनी सवय धोक्याची होते, हे सातपुड्यातील घरांकडे पाहिले की उमगते. बांबूच्या कुडाच्या घरात रात्रभर चूल धुमसत असली तरी फटींतून वारा खेळता राहतो. त्याच कुडाला थंडी अडवण्यासाठी आतून प्लास्टिकचा कागद लावला की ती चूल तशी निर्धोक राहत नाही. शहरातील न्हाणीघरात हेच काम गॅसचा गिझर करतो. तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा; तसे करणे शक्य नसेल तर दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गिझर बंद करावा आणि मगच आत जाऊन कडी लावावी. अभ्यासासाठी दिल्लीत खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना तिथल्या अंगीठीविषयी, म्हणजे कोळशाच्या शेगडीविषयी, घरच्यांनी जरूर बजावावे. टेक्सासमध्ये, जिथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात वीज गेल्यावर अनेकांनी बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून किंवा घरात कोळशाची जाळी पेटवून ऊब मिळवण्याचा प्रयत्न केला आणि असंख्य लोकांना या वायूची बाधा झाली. त्या वादळात राज्याच्या अधिकृत गणनेनुसार २४६ माणसे दगावली. बर्फ साचून गाडीचा धूर बाहेर टाकणारी नळी बुजली तर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीतही हाच धोका असतो, हे तिकडच्या वाचकांनी विसरू नये.

बागेच्या कडेला एकच मोठा जाळ करणे

द्राक्षबागायतदार रात्र-रात्र जागतो, पण ते जागरण पुष्कळदा चुकीच्या जागी खर्ची पडते. बांधावर टायर किंवा ओल्या पाचोळ्याचा एक प्रचंड ढीग पेटवला जातो आणि धूर पसरला म्हणजे बाग वाचली, असे मानले जाते. निवांत रात्री जमिनीलगत गार हवा आणि तिच्या वर त्याहून उबदार हवेचा थर असतो. छोट्या शेकोट्यांची ऊब त्या थरापर्यंत जाऊन बागेतच फिरत राहते, तर मोठ्या जाळाचा झोत तो थर भेदून आभाळात निघून जातो आणि त्याच्या जागी बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. म्हणून ओळींच्या मधून, ठरावीक अंतरावर, वेलींना झळ लागणार नाही अशा बेताने पुष्कळ लहान शेकोट्या कराव्यात; त्यांचे सरपण संध्याकाळीच मांडून ठेवावे आणि पारा तळाला जाण्याआधी, पहाटे तीन-चारच्या सुमारास त्या पेटवाव्यात. धुराचा उपयोग आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी आहे. सूर्य उगवल्यानंतरही धूर करीत राहिले तर उलट ऊन अडते आणि बाग तापायला उशीर होतो. टायर तर जाळूच नयेत.

यापेक्षा स्वस्त उपाय जमिनीत आहे. कोरडी, भुसभुशीत किंवा तणाने झाकलेली जमीन दिवसा उष्णता साठवीत नाही, त्यामुळे रात्री परत द्यायला तिच्याकडे काही नसते. लाटेचा इशारा मिळताच तण काढून, आदल्या दिवशी ऊन असतानाच जमीन ओलावून घ्यावी. विहिरीचे पाणी थंडीतही कोमट असते, म्हणून पहाटे ठिबक थोडा वेळ चालवल्यास मुळांजवळ ऊब राहते. इथे मात्र एक सावधगिरी हवी. मण्यांत पाणी उतरण्याची अवस्था असेल आणि बाग बरेच दिवस ताणावर, म्हणजे पाणी तोडलेली, असेल, तर थंडीच्या भीतीने एकदम भरपूर पाणी सोडू नये. पहाटे वेल पाणी ओढते पण पानांतून ते बाहेर पडत नाही आणि फुगलेला मणी तडकतो. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडून पांढऱ्या द्राक्षात गुलाबी मणी दिसू लागल्यावर घडांना कागद गुंडाळण्यात अर्थ नाही, तो आधीच गुंडाळायचा असतो.

रावेर-यावलकडच्या केळीला १० अंशांच्या आसपासच चरका बसतो. तिथे बागेच्या उत्तरेला दाट वारारोधक कुंपण लाट येण्याच्या कितीतरी महिने आधी उभे असावे लागते.

फक्त अंगावर घेणे, अंगाखाली नाही

ऊसतोडीच्या तळावर कोप्यांमध्ये, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, निजणाऱ्या लेकरांच्या अंगावर दोन गोधड्या असतात आणि खाली मात्र एखादे पोते किंवा प्लास्टिकचा कागद. गार, ओली जमीन अंगातील ऊब सतत शोषून घेते, आणि अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नसल्यामुळे ते तिथे कामाला येत नाही. कोरड्या पाचटाचा वीतभर जाड थर, त्यावर पोते आणि त्यावर अंथरूण, असा क्रम ठेवला तर एकच गोधडीही पुरते. पाचट लगेच पेट घेते, म्हणून शेकोटी कोपीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी आणि निजण्यापूर्वी ती पाणी ओतून विझवावी. मुकादम आणि कारखान्यांनी तळासाठी जागा देताना ओढ्याकाठचा खोलगट तुकडा देऊ नये. ही गोष्ट मजुरांच्या हातात नसते, पण तिची किंमत त्यांचीच लेकरे मोजतात.

गारठलेल्या माणसाला चोळणे आणि दारू पाजणे

नवजात बाळाला पहिल्या दिवशी न्हाऊ घालू नये. टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी धरणे हीच त्याची खरी शेगडी आहे, आणि गरम पाण्याची रबरी पिशवी थेट त्याच्या अंगाला लावू नये. वृद्धांनी, विशेषतः रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी, फिरायला जाणे ऊन पडेपर्यंत लांबवावे, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो.

शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की माणूस अडखळत बोलतो, हात चालेनासे होतात, आणि पुढे कुडकुडणे थांबते. कुडकुडणे थांबले म्हणजे बरे वाटू लागले, ही समजूत जीवघेणी आहे. तो प्रकृती ढासळल्याचा इशारा असतो. अशा वेळी दारू पाजल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या पसरून उरलीसुरली ऊबही निघून जाते, आणि हातपाय जोराने चोळल्यास तिथले गार रक्त हृदयाकडे धावते. ओले कपडे काढून, कोरड्या पांघरुणात गुंडाळून, आधी छाती, मान आणि काखा उबदार कराव्यात, हातपाय नंतर. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच त्याला गरम, गोड पेय घोटाघोटाने द्यावे; तो गुंगीत असेल तर तोंडात काहीही न घालता, हलक्या हाताने आडवे ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.