लोगो बदलताय? आधी अक्षरं कर्व्ह करा

आमच्या अहिराणी गाण्यांच्या ग्रुपला आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, नवा लोगो हवाय. मागचा मी केला होता. धुळ्यात फ्लेक्स लागला तेव्हा ‘अहिराणी’मधल्या ‘ह’ची वेलांटी सरकून ‘र’वर बसलेली होती. आपल्याच बोलीचं नाव चुकलेलं, दोन दिवस भर चौकात. अजून लागतं ते मनाला. म्हणून यंदा जो करेल त्याच्यासाठी हे लिहितेय.

छपाईला देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे मजकुराचं चित्र करून टाका. फ्लेक्सवाल्याकडे आपला फॉन्ट नसतो, आणि त्याचं कोरलड्रॉ, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, जुनं असेल तर युनिकोड मराठी त्याला धड जोडता येत नाही. कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडायचा, कंट्रोल-क्यू दाबायचं. अक्षरांची आकृती होते, मग ती कुठेही तशीच उघडते. फक्त त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून कर्व्ह न केलेली प्रत वेगळी जपा.

शुद्धलेखनाचं त्याआधीच मिटवा. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, पण बोली गावागणिक बदलते. खाली ओळ टाकणार असाल तर घरातल्या आजीला मोठ्याने वाचून दाखवा. ती अडखळली तर ओळ बदला.

नकाशा नको, हे मी हट्टाने सांगतेय. लोगोत फक्त जळगाव, धुळे, नंदुरबारचा नकाशा दाखवला की बागलाण, कळवण, मालेगावची अहिराणी बोलणारी माणसं बाहेर राहतात, आणि सुरतेला पोटासाठी गेलेली तर कुठेच नाहीत. आखाजीचा झोका घ्या, तो सगळ्यांचा आहे. गायकाचा चेहरा त्यांना विचारल्याशिवाय नको.

फॉन्ट मुक्ता किंवा बालू, दोन्ही मोफत आणि खुल्या परवान्याचे. डीपी गोल कापला जातो, कोपऱ्यात काही ठेवू नका. यूट्यूबला 800 बाय 800 चं चित्र द्यायचं, पण चॅनलवर ते बरंच लहान दिसतं. तेवढ्यात झोका ओळखू आला पाहिजे. झगझगीत हिरवा छापल्यावर मळकट होतो, आधी छोटा नमुना काढा. काळा-पांढरा एक करून ठेवा.

व्हॉट्सअॅपवर फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. आणि पाठवण्याआधी, कर्व्ह केलंय ना? ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही अशा कुणाच्या तरी संगणकावर उघडा आणि वेलांटी ‘ह’वरच आहे का ते बघा.