ऑटोटूल्स सोडून सीमेककडे जाताय? या चुका टाळा

ऑटोटूल्स, सीमेक आणि मेसन ही सोर्स कोडपासून प्रोग्राम तयार करायची, म्हणजे बिल्ड करायची साधनं. एकातून दुसऱ्याकडे जाताना नवा बिल्ड एकही एरर न देता पूर्ण झाला म्हणून जुन्या स्क्रिप्ट लगेच उडवू नका. एरर देणारी चूक दहा मिनिटांत सापडते. ताप देतात त्या बिनबोभाट राहिलेल्या चुका.

‘प्रोग्राम मंद झालाय’ ही तक्रार हमखास येते. कोड तोच असतो, फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) बदललेले असतात. कंपायलर जीसीसी असेल तर ऑटोकॉन्फ (ऑटोटूल्सचाच भाग) न सांगता ‘-जी -ओ2’ लावतं. सीमेकमध्ये बिल्ड टाइप रिकामा राहिला तर ऑप्टिमायझेशन शून्य. मेसनचा डीफॉल्ट तर थेट डीबग. मग घाईघाईने ‘रिलीज’ निवडला की सीमेक एनडीबग हा मॅक्रो आपणहून लावतं आणि सगळे असर्ट (कोडमधल्या खात्रीच्या तपासण्या) गायब होतात. कुणी असर्टच्या कंसातच फंक्शन कॉल केला असेल तर तोही गेला. (असं लिहू नये हे मान्य, पण जुन्या प्रकल्पात कुठेतरी असतंच.)

दुसरी जागा 32-बिट प्लॅटफॉर्म. जुन्या कॉन्फिगरमधली ‘एसी_सिस_लार्जफाइल’ ही मोठ्या फाइलींची सोय करणारी एक ओळ नव्या फाइलमध्ये आणायची राहिली, तर तुमच्या 64-बिट लॅपटॉपवर काहीच कळत नाही; 32-बिट एआरएमवर मात्र 2 जीबीपेक्षा मोठी फाइल उघडेनाशी होऊ शकते. लायब्ररीच्या पब्लिक हेडरमध्ये ‘ऑफ_टी’ (फाइलमधली जागा मोजणारा टाइप) असेल तर एबीआयच, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमधला मेळच, मोडतो. यावर उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: प्रत्येक प्लॅटफॉर्मवर जुन्या आणि नव्या बिल्डच्या कॉन्फिग.एच फाइलींचा (यात कॉन्फिगर करतानाचे निकाल असतात) डिफ, म्हणजे ओळीओळीतला फरक काढा. बदललेल्या प्रत्येक ओळीचं कारण सांगता आलं पाहिजे.

सिस्टिमवर एखादी सोय आहे का, हे छोटा कोड कंपाइल करून बघणाऱ्या फीचर चेकवर डोळे झाकून विश्वास नको. चाचणीचा कोड कंपाइल झाला नाही की सीमेक ‘फीचर नाही’ असं धरून पुढे जातं. 2024 मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या बॅकडोर (चोरवाट) प्रकरणात लँडलॉक सँडबॉक्सच्या (प्रोग्रामला मर्यादेत ठेवणारं लिनक्सचं कुंपण) चेकमध्ये एक सुटा पूर्णविराम घुसवलेला सापडला. तेवढ्याने चेक कायम नापास आणि सँडबॉक्स बंद. तिथे तो मुद्दाम होता. आपल्याकडे राहून गेलेलं एखादं हेडर तेच करतं. ‘नाही’ आलेला चेक का नापास झाला, ते कॉन्फिगर लॉग उघडून बघाच.

क्रॉस-कंपाइलमध्ये (एका मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड करताना) लिंकर ‘इनकम्पॅटिबल’ म्हणून लायब्ररी वगळत असेल तर लायब्ररी शोधून देणारं पीकेजी-कॉन्फिग तुमच्याच मशीनची लायब्ररी दाखवतंय. ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ सिसरूटकडे (लक्ष्य मशीनच्या फाइलींचा फोल्डर) वळवा. टूलचेन फाइल (कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणारी) बदललीत तर बिल्ड फोल्डर पुसून नव्याने कॉन्फिगर करा. जुनी कॅशे ठेवून नवी टूलचेन नीट लागत नाही.

विंडोजवर डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) रिकामी निघाली तर सिंबॉल एक्स्पोर्ट करायचे, म्हणजे फंक्शनची नावं बाहेर दिसू द्यायची राहिलीत.

जुनी पद्धत किती दिवस ठेवायची? घाई नको. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसने 2023 मध्ये आवृत्ती 16 सोबत मेसन आणलं तेव्हा ऑटोकॉन्फही ठेवलं. विंडोजसाठीच्या वेगळ्या स्क्रिप्ट पुढच्या वर्षी, आवृत्ती 17 मध्ये काढल्या.