एकाच नावाचे बाप-लेक कसे सुटे केले

चौदाव्या शतकातल्या इंग्लिश जमीनदार घराण्याच्या वंशावळीत एक माणूस ऐंशी वर्षं जमीन धरून बसलेला दिसला, की समजावं, दोन पिढ्या एकात शिरल्यात. माझ्या तक्त्यात तेच झालं होतं.

गाठ सुटली ती मृत्यूनंतरच्या चौकशीच्या कागदांनी. राजाकडून थेट जमीन धरणारा मेला, की एस्चीटर हा अधिकारी ज्युरी बसवून मृत्यूची तारीख, जमिनी, वारस आणि त्याचं वय नोंदवी. हे कागद लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये सी १३२ ते सी १४२ या मालिकांत आहेत. वयापुढे ‘२२ आणि अधिक’ असेल तर तो अंदाजच धरायचा. मुलगा २१ च्या आत असेल तर पालकत्व राजाकडे. ते विकलंही जाई. म्हणून पुढे फाइन रोल्स (राजाला देऊ केलेल्या रकमांच्या नोंदी) आणि पेटंट रोल्स (राजाच्या खुल्या पत्रांच्या नकला) चाळले. सज्ञान झाल्यावरच्या वयसिद्धीच्या साक्षींत जन्मदिवसच सापडतो.

तारखांत मात्र फसगत होते. तिसऱ्या एडवर्डचं राज्यवर्ष, म्हणजे गादीवर आल्यापासून मोजलेलं वर्ष, २५ जानेवारीला सुरू होतं; पाचवं सुरू झालं १३३१ मध्ये. त्यामुळे ‘पाचव्या वर्षीचा २० जानेवारी’ म्हणजे १३३२, १३३१ नव्हे!

चौकशीच सापडली नाही तर? जमीन दुसऱ्या सरदाराकडून धरलेली असेल, किंवा मरण्याआधी विश्वस्तांच्या नावे केलेली. मग तिथल्याच सीपी २५/१ मालिकेतले फाइन्स, म्हणजे जमीन हस्तांतराचे कोर्टातले करार, बघायचे. तिथे जमीन देणाऱ्यांत नवऱ्यासोबत बायकोही असेल, तर जमीन तिच्या माहेरची असू शकते.