घरी शिकणाऱ्या मुलांसाठी गणिताचा अभ्यासक्रम कसा निवडावा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे आई-बाबा आता पुण्यात कोथरूडपासून वाघोलीपर्यंत भेटतात. भाषा, इतिहास, विज्ञान यांची त्यांना फारशी धास्ती नसते. गोष्टींची पुस्तकं असतात, किल्ले असतात, स्वयंपाकघर असतं. गणिताचा विषय निघाला की मात्र हमखास विचारलं जातं, "पुस्तक कुठलं घेऊ?" माझं सांगणं असं, की आठ-पंधरा दिवस काहीच विकत घेऊ नका. आधी मूल गणितात नेमकं कुठे आहे ते बघा. पुस्तकाची निवड तिथूनच व्हायला हवी.

पायरी १: मूल कुठे अडतंय ते शोधा

यासाठी एक पैसाही लागत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. मुलाच्या वयाची जी इयत्ता होते, तिच्या एक इयत्ता मागचं पुस्तक घ्या. प्रत्येक प्रकरणातली दोन-तीन उदाहरणं निवडा आणि रोज चार-पाच सोडवायला द्या. या दिवसांत शिकवायचं नाही, चुकलं तरी टोकायचं नाही. फक्त "हे कसं केलंस?" एवढंच विचारायचं आणि उत्तर शब्दशः टिपून ठेवायचं.

एका नऊ वर्षांच्या मुलीच्या वहीत मी ५२ − २७ = ३५ असं लिहिलेलं पाहिलं. विचारल्यावर ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले." मग तिला तोंडी विचारलं, की तुझ्याकडे ५२ रुपये आहेत आणि २७ रुपयांची वही घेतलीस, तर किती उरले? क्षणभर बोटं हलली आणि उत्तर आलं, "पंचवीस." सत्तावीसचे तीस, तिसाचे पन्नास, वर दोन, असं तिनं मोजलं होतं. म्हणजे वजाबाकीचा अर्थ तिला नीट कळलेला होता. कागदावर दशक मोडून दहा सुटे करायचे असतात, हे तेवढं कधी हातात आलं नव्हतं. अशा मुलीला तिसरीचं सगळं पुस्तक पुन्हा करायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तसंच चौथीत ढकलणं त्याहून मोठा. तिला दशकांचे गठ्ठे आणि सुटे हाताळायला देणारं पुस्तक हवं.

अपूर्णांकांपर्यंत पोचलेल्या मुलाला १/२ + १/३ करायला द्या. उत्तर २/५ आलं तर विचारा, "अर्ध्यात आणखी थोडं मिळवलं, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं?" हे ऐकून मूल चमकलं आणि स्वतःच कागद पुढे ओढून बसलं, तर पाया ठीक आहे, सराव कमी पडतोय. त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, तर अपूर्णांक म्हणजे काय इथूनच सुरुवात करायला लागेल.

परदेशी अभ्यासक्रम घ्यायचा विचार असेल, तर बऱ्याच प्रकाशकांच्या स्तर-चाचण्या त्यांच्या संकेतस्थळावर मोफत असतात. त्या जरूर घ्या. मुलगा पाचवीच्या वयाचा आहे आणि चाचणीत तिसरीचा स्तर आला, तर तिसरीचंच पुस्तक घ्या. घरी शिकवण्याचा हाच तर सगळ्यात मोठा फायदा आहे, तो नातेवाइकांच्या भुवया उंचावतील म्हणून सोडू नका.

पायरी २: दहावी कुठून देणार?

मूल नऊ वर्षांच्या आतलं असेल तर ही पायरी खुशाल सोडून द्या. त्याहून मोठं असेल तर अंदाज घ्या.

राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तिथे गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित ४० गुणांचा आणि भूमिती ४० गुणांचा. भूमितीत सिद्धता लिहाव्या लागतात, आणि ती लिहिण्याची सवय एकदम दहावीत लागत नाही. दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाचा. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकूण नऊ संधी मिळतात. पाच विषय आपण निवडायचे आणि त्यात गणित घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पुण्यात त्यांचं विभागीय केंद्रही आहे. घरी शिकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ जण याच वाटेनं जातात, कारण गणित एका वर्षी आणि बाकीचे विषय दुसऱ्या वर्षी असं वाटून घेता येतं. राज्याचंही स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे आणि तिथे पाचवी, आठवीच्या परीक्षाही देता येतात.

याचा पुस्तक निवडण्याशी संबंध एवढाच, की आठवीच्या वयापर्यंत तुम्ही पूर्ण मोकळे आहात. त्यानंतर परीक्षा जिथून द्यायची तिथलं पुस्तक हातात यायला हवं.

पायरी ३: आकडे कुठल्या भाषेत मोजायचे ते ठरवा

घरात मराठी आणि पुस्तक इंग्रजी, अशी स्थिती पुण्यात सर्रास असते. लहान मुलांच्या बाबतीत हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. मराठीत ६३ ला त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतात आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी. ५९ चं नाव एकोणसाठ, त्यात पन्नास कुठे ऐकूच येत नाही. हीच अडचण ओळखून गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असं वाचन सुचवलं, आणि त्यावर केवढा गदारोळ झाला होता! माझ्या मते मुलांच्या दृष्टीनं ती सूचना रास्त होती. घरी तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. सुरुवातीचे काही महिने ‘साठ तीन, म्हणजे त्रेसष्ट’ असं दोन्ही म्हणा.

बालभारतीची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत मिळतात. तेच प्रकरण दोन्ही भाषांत शेजारी ठेवलं, की अंश-छेद, लसावि-मसावि यांचे इंग्रजी शब्द मूल सहज उचलतं. आजी-आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे, येत असतील तर तेही म्हणून घ्या. पाव, अर्धा, दीड हे बोलण्यातले शब्द असल्यामुळे आपल्या मुलांची अपूर्णांकांशी ओळख फार लवकर होते.

पायरी ४: पुस्तकं शेजारी ठेवून एकच प्रकरण ताडून बघा

अभ्यासक्रमांचे ढोबळ दोन प्रकार असतात. काहींत एकच गोष्ट पक्की होईपर्यंत घोटून घेतात. काहींत प्रत्येक विषयाला थोडा स्पर्श करून पुढे जातात आणि पुढच्या वर्षी थोडं खोल शिरतात. आपली शालेय पुस्तकं साधारण दुसऱ्या प्रकारची आहेत.

बालभारतीची मांडणी आटोपशीर आहे आणि लाख-कोटी, रुपये, मीटर सगळं आपलं आहे. सरावाची उदाहरणं मात्र कमी पडतात, ती तुम्हाला घालावी लागतील. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं नवी पुस्तकं येत आहेत, तेव्हा जुनी आवृत्ती हातात नाही ना, हे बघून घ्या.

एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या शिक्षण परिषदेची, नवी पुस्तकं मला मनापासून आवडली. पहिली-दुसरीची २०२३ मध्ये आली, तिसरी आणि सहावीची २०२४ मध्ये. सहावीच्या ‘गणित प्रकाश’मध्ये आपल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा ६१७४ आहे. कापरेकर फर्ग्युसनमध्ये शिकले आणि पुढे देवळालीला शिक्षक झाले. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे तेवढे नकोत. अंक उतरत्या क्रमानं आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा (उत्तर तीन अंकी आलं तर आधी शून्य लावून). जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतेच. वजाबाकीचा एवढा सराव मूल तक्रार न करता करतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ही पुस्तकं हिंदी-इंग्रजीत फुकट मिळतात.

सिंगापूर मॅथमध्ये आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे असा क्रम असतो. त्याची खरी ताकद पट्ट्यांच्या चित्रांत आहे. उदाहरणार्थ, राधाकडे समीरपेक्षा १८ गोट्या जास्त आहेत आणि दोघांच्या मिळून ५०, तर समीरकडे किती? मूल समीरची एक पट्टी काढतं. खाली राधाची तेवढीच पट्टी, आणि पुढे १८ चा तुकडा. तुकडा झाकला की दोन सारख्या पट्ट्या उरतात, ३२ च्या. म्हणजे समीरच्या १६. अजून ‘क्ष’ माहीत नसलेलं मूल समीकरण सोडवून मोकळं होतं. शाब्दिक उदाहरण दिसलं की "बेरीज की वजाबाकी?" असं विचारणाऱ्या मुलासाठी मी हेच सुचवेन.

मॅथ-यू-सी, सॅक्सन आणि बीस्ट अकॅडमी हे तिन्ही अमेरिकी अभ्यासक्रम. मॅथ-यू-सीमध्ये ठोकळे असतात आणि एकेका पातळीवर मुख्यतः एकच क्रिया चालते. अपूर्णांक पाचव्या पातळीवर येतात, त्यामुळे मध्येच शाळेत जायची शक्यता असेल तर मूल ‘मागे’ वाटेल. सॅक्सन रोज थोडं नवीन आणि बरंचसं जुनं देतं. विसरणाऱ्या मुलांना ते मानवतं, चटकन समजणाऱ्यांना कंटाळा येतो. बीस्ट अकॅडमी कॉमिक्सच्या रूपात आहे, उदाहरणं अवघड आहेत आणि कोडी आवडणाऱ्या मुलांनाच ती झेपतात. अमेरिकी आवृत्त्यांत इंच, पौंड, सेंट भरपूर असतात आणि संख्यांमधले स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर. आपलं १२,३४,५६७ तुम्हाला वेगळं शिकवावं लागेल.

आता ताडायचं कसं? प्रत्येक पुस्तकात अपूर्णांकांची पहिली आठ-दहा पानं काढा. पोळीचे आणि पिझ्झाचेच तुकडे आहेत, की संख्यारेषेवरही १/३ दाखवलाय? छेद वेगळे असताना बेरीज का होत नाही हे चित्रातून कळतं, की थेट ‘लसावि काढा’ म्हटलंय? मग तेच पान मुलासमोर ठेवा आणि गप्प बसा. मूल कुठे थांबतं आणि तुम्हाला किती बोलावं लागतं, ते बघा. ज्या आई-बाबांना स्वतःलाच गणिताची भीती आहे, त्यांनी शिक्षकांसाठीची पुस्तिका सोबत असलेलाच अभ्यासक्रम घ्यावा. दर पाठाला काय विचारायचं, काय दाखवायचं हे त्यात लिहिलेलं असतं, आणि तेवढ्या आधारानं माणूस निवांत शिकवू शकतो.

पायरी ५: साहित्य

महागडे संच लागत नाहीत. रविवार पेठेत मणी मिळतात. दहा लाल, दहा पांढरे असे आलटून पालटून शंभर मणी ओवले की संख्यारेषा तयार. गठ्ठ्यांसाठी काड्या आणि रबरबँड. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची कितीतरी खेळणी आहेत, मराठी पुस्तकंही आहेत, सगळं मोफत. आणि मंडईत गेलात तर हिशेब मुलाला करू द्या.

पायरी ६: सहा आठवडे चालवा, मग पैसे घाला

एकच मुख्य पुस्तक ठेवा. दोन-दोन अभ्यासक्रम समांतर चालवणाऱ्या घरांत मूल पानं संपवण्याच्या मागे लागतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला रोज वीस मिनिटं पुरतात, दहा-बारा वर्षांच्याला चाळीस. आठवड्यातून एकदा मागच्या महिन्यातली चार उदाहरणं न सांगता द्या. सहा आठवड्यांनी तीही जमत असतील आणि मूल रीत आपल्या शब्दांत सांगत असेल, तर तेच पुस्तक निदान वर्षभर चालू द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी दुसरं सुचवलं म्हणून मध्येच बदलू नका. रोज रडारड होत असेल तर आधी एक पातळी खाली उतरून बघा. बहुतेक वेळा पुस्तक ठीक असतं, पातळी चढी पडलेली असते.

गणितात मनापासून रमणारं मूल असेल तर सहावी-सातवीच्या सुमारास भास्कराचार्य प्रतिष्ठानात चौकशी करा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली ही संस्था पुण्यातच आहे आणि गणित ऑलिंपियाडच्या तयारीसाठी नावाजलेली आहे.

परीक्षेच्या साधारण दीड वर्ष आधी मंडळाच्या पुस्तकावर या. पहिले दोन महिने फक्त त्या पुस्तकाची भाषा आणि उत्तर मांडायची पद्धत अंगवळणी पडू द्या. मग जुन्या प्रश्नपत्रिका आणा. अप्पा बळवंत चौकात त्यांचे संच मिळतात. आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून सोडवून घ्या, आणि सिद्धतेची प्रत्येक ओळ कारणासकट लिहिली आहे ना, ते स्वतः तपासा.