हापूसला कल्टार देताना: वाढ आणि ताण यांचा मेळ

पाऊस सरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की हापूसच्या झाडावर एक तर तांबूस पालवी फुटते, किंवा काडी तशीच थांबून पक्व होते आणि थंडीत मोहोर टाकते. यांतले काय घडेल हे बरेचसे झाडातील संजीवकांवर, म्हणजे वाढीचे नियमन करणाऱ्या द्रव्यांवर, ठरते. कोवळ्या पानांत तयार होणारे जिबरेलिन शेंड्याला वाढवते. वाढ रोखून धरणारी ‘डेला’ प्रथिने जिबरेलिन वाढले की नष्ट होतात. जमिनीतील ओल कमी झाल्यावर मात्र अ‍ॅब्सिसिक आम्लाचे प्रमाण वाढते, पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) मिटू लागतात आणि नवी फूट थांबते. बागायतदार ज्याला ‘ताण बसणे’ म्हणतात ते हेच.

कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारे रसायन, जिबरेलिन तयार होण्याची साखळी मध्येच तोडते आणि अ‍ॅब्सिसिक आम्लाचे विघटनही मंदावते. त्यामुळे जमिनीत ओल असतानाही झाड ताण बसल्यासारखे वागते. कल्टारने मोहोर येतो असे सर्रास म्हटले जाते, पण ते मुख्यतः पालवी आवरते. मोहोरासाठी लागणारा अन्नसाठा झाडात आधीच असावा लागतो. म्हणून दहा वर्षांखालील, रोगट, विरळ पानांच्या किंवा खत न घातलेल्या झाडाला ते देऊ नये.

मात्रा अंदाजाने ठरवू नये. झाडाच्या विस्ताराचा व्यास पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोन्हीकडून मोजून सरासरी काढावी आणि दर मीटरला २५ टक्के तीव्रतेचे कल्टार ३ मिली, म्हणजे ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, या हिशेबाने घ्यावे. एका बाजूने ८ आणि दुसऱ्या बाजूने १० मीटर भरणाऱ्या झाडाची सरासरी ९ मीटर येते, म्हणून त्याला २७ मिली पुरते. बुंध्याचा घेर पाहून बाटली ओतण्याची सवय यासाठीच सोडावी. जाड बुंध्याच्या पण छाटलेल्या झाडावर ती हमखास चुकते.

१५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात, पावसाची उघडीप पाहून पण जमीन ओली असताना, आधी झाडाखालचे तण काढावे. मोजलेले कल्टार ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळावे. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मध्यावर गोलाकार २५ ते ३० खड्डे १० ते १२ सेंटिमीटर खोल घेऊन त्यांत ते सारखे वाटून ओतावे आणि खड्डे मातीने बुजवावेत. हे द्रव्य मुळांतून पाण्याबरोबर वर चढते, पानांतून खाली फारसे उतरत नाही. म्हणून फवारणीपेक्षा जमिनीतून देणेच योग्य. मुसळधार पावसाच्या दिवशी दिल्यास बरेचसे वाहून जाते.

कल्टार जमिनीत दीर्घकाळ टिकते. दरवर्षी पूर्ण मात्रा देत राहिल्यास पेऱ्यांमधील अंतर आखडते, पाने जवळजवळ येतात आणि मोहोर गुच्छासारखा दाटतो. अशी लक्षणे दिसताच मात्रा घटवावी किंवा एखादे वर्ष बंद ठेवावी. कराराने बाग घेणारा दोन-तीन हंगामांचाच विचार करतो, पण झाड मालकाकडे पुढची अनेक वर्षे राहायचे असते. म्हणून कोणत्या झाडाला कधी आणि किती दिले, याची वही मालकाने स्वतः ठेवावी आणि मात्रेची अट करारात लिहून घ्यावी.

याची उलट बाजू थंडी लांबल्यावर दिसते. फळे धरली असताना त्याच काडीवर पुन्हा मोहोर आला, तर अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि लहान कैऱ्या गळतात. येथे जिबरेलिनच कामी येते: ते मोहोर निघण्याला विरोध करते. पुनर्मोहोराची भीती असलेल्या बागेत मोहोर पूर्ण फुलल्यावर एकदा आणि फळे वाटाण्याएवढी झाल्यावर दुसऱ्यांदा ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) जिबरेलिक आम्ल, म्हणजे जिबरेलिनच, फवारावे. त्यासाठी १ ग्रॅम भुकटी आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मगच २० लिटर पाण्यात मिसळावी, कारण ती थेट पाण्यात नीट विरघळत नाही आणि तळाशी बसते.